न वाचलेली पॉलिसी

‘पॉलिसी’ हा शब्द आपल्या घरांतून आजवर एकाच अर्थाने नांदत आला आहे. पॉलिसी म्हणजे आयुर्विम्याची. ती कपाटातील पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड, घराचे वेराबिल आणि लग्नातील जुने फोटो यांच्या सोबतीने पडून असते. तिचे हप्ते भरावयाचे असतात. ती वाचावयाची नसते. ती वाचण्याची वेळ आली तर घरात काहीतरी अशुभ घडले आहे, असा आपला पक्का समज. पॉलिसीचा कागद न वाचता जपून ठेवणे हीच त्याची खरी निगा, असे मानण्यात माझ्यासारख्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या माणसाचेही अर्धे आयुष्य गेले.

या शब्दाचा दुसरा अर्थ मला गेल्या वर्षी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीमुळे कळला. तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो. कारण जून उजाडला की आपल्या समाजातील कितीतरी मुलेमुली महाविद्यालयाची पायरी चढतात, आणि त्या वास्तूत आता अशी काही दारे आहेत की ज्यांचे नियम आपल्या पिढीला ठाऊकच नाहीत.

वैशाखातील संध्याकाळ होती. दिवे लागले होते, तरी हवेत वाऱ्याची झुळूक नव्हती. दारात मायलेकी उभ्या. मुलगी मी ओळखली. सातवीपर्यंत ती माझ्या शाळेत होती. वडील खानदेशातून आलेले, लिंबायतमध्ये यंत्रमागावर काम करणारे; आई घरी बसून साड्यांना खडे-टिकल्या चिकटविते, लोंबते धागे कापते. सुरतेच्या कापडबाजारात काचेआड झगमगणाऱ्या साडीवर अशा किती बायकांच्या डोळ्यांचे पाणी आटलेले असते, हे साडी नेसणाऱ्या भगिनींना क्वचितच ठाऊक असते. या घरातील ही पहिली पदवीधर मुलगी. समाजशास्त्र घेऊन एम.ए.च्या शेवटच्या सत्रास बसली होती.

ती काही बोलेना. आईच म्हणाली, “गुरुजी, हिचं वर्ष गेलं.”

हकीकत अशी. एम.ए.साठी तिला एक लघुप्रबंध लिहावयाचा होता. तिने तो लिहिला, बांधून घेतला, सादर केला. महाविद्यालयाने तो संगणकातील एका यंत्रणेत घातला आणि यंत्रणेने निकाल दिला की, यातील ४३ टक्के मजकुराचे इतरांच्या लेखनाशी साम्य आहे. कचेरीतील कारकुनाने कागद परत केला व सांगितले, “पॉलिसीप्रमाणे आता एक वर्ष काही देता येणार नाही. पुढच्या वर्षी या.”

“कोणती पॉलिसी?” मी विचारले.

मुलगी खाली मान घालून म्हणाली, “माहीत नाही सर. त्यांनी दाखविली नाही.”

त्यावर ती माउली जे बोलली ते मी विसरू शकत नाही. “गुरुजी, आमची पॉलिसी तर दोन वर्षांपूर्वीच बंद पडली. ह्यांची गिरणी तीन महिने बंद होती ना, तेव्हा हप्ते राहिले. त्याचा हिच्या शिक्षणाला त्रास होईल असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.”

मला प्रथम हसू आले, आणि लगेच लाज वाटली. कारण ती कोणती पॉलिसी हे त्या माउलीला ठाऊक नव्हते, तसे ते मलाही ठाऊक नव्हते. फरक एवढाच, की ती विचारत होती आणि मी ठाऊक असल्यासारखा चेहरा करून बसलो होतो.

वाचकहो, तीस वर्षे मी सरकारी परिपत्रके वाचतो आहे. ‘संदर्भीय पत्रान्वये’ या शब्दांनी सुरू होणारा कागद हातात आला की त्यातील मतलब कोणत्या ओळीत दडला आहे, हे मी नाकाने ओळखतो. म्हणून म्हटले, “चल, तो नियम आधी शोधू. मग रडायचे की नाही ते ठरवू.”

शोधू म्हणणे सोपे होते. मुलीने आपल्या मोबाईलवर महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडले. वर प्रवेशाची धावती जाहिरात, खाली पारितोषिक वितरणाचे फोटो, एका पाहुण्याचे हार घातलेले छायाचित्र, वार्षिक क्रीडा महोत्सव. नियम कोठे आहेत याचा पत्ता नाही. ‘विद्यार्थ्यांसाठी’ असे लिहिले होते तेथे वेळापत्रक होते. ‘ग्रंथालय’ असे लिहिले होते तेथे ग्रंथालयाच्या इमारतीचा फोटो होता. दीड तास गेला. अखेर पृष्ठाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत ‘नॅक’ असे लिहिलेले आढळले. ही महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी संस्था. १९९४ साली स्थापन झालेली, बंगळुरूला असते. तिच्या तपासणीसाठी जी कागदपत्रे चढविलेली होती, त्यांच्या पोटात, कंसातील आकडे व मुद्दे यांच्या ढिगाखाली, संगणक व इंटरनेटच्या वापराची नियमावली आणि तिला जोडूनच वाङ्मयचौर्यासंबंधीचे धोरण सापडले. पाने एकोणीस, सगळी इंग्रजीत, आणि यंत्रावर तिरपी ठेवून उतरविलेली. तपासनिसांनी पाहावी म्हणून ती तेथे होती. विद्यार्थ्याने वाचावी म्हणून ती तेथे ठेवलेली नव्हती.

आता वाचन. मुलीला इंग्रजी येत होते, मला नियमांची भाषा येत होती. दोन्ही मिळून एक वाचक तयार झाला. माझ्या व्याकरणाच्या व्यासंगाचा असा उपयोग होईल असे कधी वाटले नव्हते. नियमांच्या इंग्रजीत ‘शॅल’ आणि ‘मे’ या दोन छोट्या शब्दांवर सारा संसार उभा असतो. पहिल्याचा अर्थ ‘केलेच पाहिजे’, दुसऱ्याचा ‘करता येईल’. जेथे संस्थेच्या नावापुढे पहिला शब्द आहे, तेथे तिचे कर्तव्य आहे, म्हणजेच विद्यार्थ्याचा हक्क आहे. मी मुलीला तांबडी पेन्सिल दिली व म्हटले, “प्रत्येक ‘शॅल’खाली रेघ ओढ, आणि कोणावर बंधन आहे ते समासात लिही.” दुसरी गोष्ट, आरंभीच्या व्याख्या. कथा वाचताना आपण प्रस्तावना गाळतो. नियम वाचताना प्रस्तावना गाळली की कथाच चुकते.

दहा वाजेपर्यंत जे हाती लागले ते असे. महाविद्यालयाचे धोरण हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमांवर आधारलेले होते. त्या नियमांत साम्याच्या चार पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कोणतीही शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर विद्यार्थ्याने सुधारलेला प्रबंध ठरवून दिलेल्या मुदतीत पुन्हा सादर करावयाचा. ही मुदत सहा महिन्यांहून अधिक नसावी. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्षपर्यंत सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. म्हणजे कारकून खोटे बोलला नव्हता. ४३ हा आकडा तिसऱ्या पायरीवरचा होता आणि त्या पायरीवर वर्ष जातेच.

परंतु त्याच नियमांत पुढे लिहिले होते की, साम्य मोजताना काही गोष्टी वगळावयाच्या आहेत. ज्याचे श्रेय योग्य रीतीने दिले आहे असे अवतरण, संदर्भग्रंथांची यादी, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, सर्वपरिचित संज्ञा, आणि योगायोगाने जुळलेले चौदापर्यंतचे सलग शब्द. मुलीच्या प्रबंधात २००८ सालच्या असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेच्या कायद्यातील कलमे जशीच्या तशी उतरविलेली होती. ती उतरविली नाहीत तर कायदा सांगावयाचा कसा? संदर्भग्रंथांची यादी सहा पानांची होती. यंत्राने हे सारे चोरीच्या खात्यात मांडले होते. यंत्राचा त्यात दोष नव्हता. ‘हे वगळ’ असे सांगितले तरच ते वगळते, आणि सांगणाऱ्याने ते सांगितलेले नव्हते.

आणखी दोन वाक्यांखाली मुलीने रेघा ओढल्या. एक असे, की प्रत्येक संस्थेने आपले वाङ्मयचौर्यविषयक धोरण संकेतस्थळाच्या मुख्य पृष्ठावर ठेवावयाचे आहे. दुसरे असे, की प्रत्येक सत्रात विद्यार्थी व अध्यापक यांच्यासाठी या विषयाची जाणीव करून देणारे कार्यक्रम संस्थेने घ्यावयाचे आहेत. “असा कार्यक्रम झाला होता का गं?” मी विचारले. ती नाही म्हणाली. पण मग तिनेच ओशाळून सांगितले, की प्रबंधासोबत तिने एका प्रतिज्ञापत्रावर सही केली होती: हे लेखन माझे स्वतःचे असून त्यात कोणतीही चोरी नाही. न वाचताच सही केली होती. मी रागावणार इतक्यात माझा स्वतःचा मोबाईल समोर दिसला. त्यावर ‘मला मान्य आहे’ या चौकोनाला मी आजवर कितीदा बोट लावले असेल! एकदाही वर काय लिहिले आहे हे पाहिलेले नाही. राग गिळला.

येथवर वाचकांना वाटेल की, ही एका अन्यायाची कथा आहे व नियम वाचून तो दूर झाला. मलाही त्या रात्री तसेच वाटत होते. मी विजयी मुद्रेने म्हणालो, “उद्या अर्ज करू. यात चोरी अशी नाहीच!”

मुलगी गप्प राहिली. मग तिने प्रबंधाचे दुसरे प्रकरण उघडून माझ्यापुढे ठेवले. “सर, हे आहे.”

सुरतेच्या वस्त्रोद्योगाचा इतिहास सांगणारी ती दहा-अकरा पाने. इंग्रजी सुंदर होते, सफाईदार होते, आणि ते तिचे नव्हते. एका जुन्या प्रबंधातून ते जसेच्या तसे उचललेले होते, नावनिर्देशही नव्हता. आपल्या गांधीनगरला ‘इन्फ्लिबनेट’ नावाचे केंद्र आहे. १९९१ साली पुण्याच्या आयुका संस्थेच्या आश्रयाने एक प्रकल्प म्हणून त्याचा आरंभ झाला. देशभरच्या विद्यापीठांतील प्रबंध तेथे ‘शोधगंगा’ नावाच्या संचयात ठेवलेले असतात, कोणालाही घरबसल्या वाचता येतात. त्याच केंद्राने २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ या योजनेखाली विद्यापीठांना साम्य तपासणारी यंत्रणा पुरविली. एका हाताने गंगा मोकळी केली आणि दुसऱ्या हाताने घाटावर पहारा बसविला, हे योग्यच झाले. मुलगी गंगेवर गेली, घागर भरून आणली आणि तिच्यावर आपले नाव घातले.

“का केलेस?” मी विचारले.

तिच्या उत्तरात उद्धटपणा नव्हता. तिने अगदी सरळपणे सांगितले, “सर, ते फार छान लिहिलेले होते. माझं इंग्रजी तसं नाही. आणि आपणच वर्गात सांगायचात ना, की चांगलं वाक्य दिसलं की वहीत उतरवून घ्या, पाठ करा, परीक्षेत लिहा?”

वाचकहो, मी नि:शब्द झालो. मुलगी खोटे बोलत नव्हती. सांगितले होते. एकदा नव्हे, तीस वर्षे सांगत आलो आहे. फळ्यावर निबंध लिहून द्यावयाचा, मुलांनी तो सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यावयाचा, ज्याचे उतरविणे बिनचूक त्याला पैकीच्या पैकी गुण. आमच्याकडे त्याला ‘तयारी’ म्हणतात. हीच मुलगी सहावीत असताना ‘माझी आई’ या निबंधाला तिला पहिले बक्षीस मिळाले होते. ते मीच दिले होते. त्या निबंधातील आई पहाटे उठत असे, तुळशीला पाणी घालत असे, मुलांना गोष्टी सांगत असे. चाळीस मुलांच्या चाळीस आया एकाच वेळी उठून एकाच तुळशीला पाणी घालीत होत्या, कारण ती तुळस मी फळ्यावर लावली होती. रात्री बारापर्यंत ट्यूबलाइटखाली साडीला खडे चिकटविणारी तिची खरी आई त्या निबंधात एका ओळीपुरतीही नव्हती. ती आई आता माझ्या समोर जमिनीवर बसून आमच्याकडे पाहत होती. तिच्या बोटांच्या टोकांना डिंकाचे पांढरे डाग होते.

यंत्राने जे ४३ टक्के दाखविले, त्यातील काही भाग यंत्राच्या मांडणीचा होता, काही मुलीच्या अजाणतेपणाचा होता. उरलेला काही भाग माझ्या खात्यावर होता. तेवढा मोजणारी यंत्रणा अजून निघालेली नाही.

असो. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज लिहिला. त्यात कोठेही आदळआपट केली नाही. नियमाचे कलम लिहिले, वगळावयाच्या पानांची यादी जोडली, आणि दुसऱ्या प्रकरणातील दोष मुलीने स्वतःच्या शब्दांत मान्य केला. ते मान्य करावे की नाही यावर घरात थोडा वाद झाला. वडील म्हणाले, “कशाला आपणहून सांगायचं?” मुलगी म्हणाली, “यंत्राला ते आधीच कळलेलं आहे, बाबा. आता माणसांना माझ्याकडून कळू दे.” मार्गदर्शक प्राध्यापक सज्जन निघाले. ते म्हणाले, “ही फाईल आमच्याही हातात कोणी ठेवली नव्हती.” नियमाप्रमाणे अशी चौकशी कचेरीने करावयाची नसून विभागातील समितीने विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून करावयाची असते. समिती बसली, वगळावयाचे वगळून पुन्हा तपासणी झाली, आणि आकडा २७ वर आला. दुसरी पायरी. सुधारणेस चार महिन्यांची मुदत मिळाली.

ते चार महिने ती दर रविवारी माझ्याकडे येत असे. मी तिला एकच गोष्ट सुचविली. आधी मराठीत लिही. तुझ्या आईला वाचून दाखविता येईल असे लिही. मग त्याचे इंग्रजी कर. उधना, डिंडोली, पांडेसरा येथील ज्या बायकांशी ती बोलली होती, त्यांची वाक्ये तिच्या वहीत मूळच्या भाषेत होती. त्या सुंदर इंग्रजीच्या लोभाने तिने ती बाजूस ठेवली होती. ती परत आत आली. इतिहासाचे प्रकरण दहा पानांवरून चार पानांवर आले, पण प्रत्येक विधानाखाली कोणाचे ते लिहिलेले होते. पुढल्या तपासणीत साम्य सात टक्के निघाले. ती उत्तीर्ण झाली. वर्ग दुसरा मिळाला; परंतु तो तिचा स्वतःचा आहे.

मधल्या काळात एका मैत्रिणीने तिला एक तोड सुचविली होती. कृत्रिम बुद्धिमत्तेची अशी साधने आहेत की चोरलेला परिच्छेद आत घातला की शब्द बदलून बाहेर येतो. तिने मला विचारले, “सर, हे चालतं का?” आम्ही पुन्हा ती एकोणीस पाने उलगडली. त्यात याचा उल्लेख नव्हता, असणार तरी कसा? नियम २०१८ चे, आणि चॅटजीपीटी जगापुढे आले २०२२ च्या नोव्हेंबरात. परंतु व्याख्येच्या कलमात एक शब्द होता. दुसऱ्याचे लेखन ‘किंवा कल्पना’ आपली म्हणून दाखविणे म्हणजे वाङ्मयचौर्य. वस्त्र बदलल्याने माणूस बदलत नाही. प्रश्न तेथे मिटला.

पण सगळेच प्रश्न असे मिटत नाहीत. २०२४ साली हरियाणातील एका खाजगी विद्यापीठातील कायद्याच्या विद्यार्थ्यास, त्याची उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेली आहेत असे ठरवून एका विषयात नापास करण्यात आले. तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेला. असा वापर निषिद्ध आहे असे सांगणारा स्पष्ट नियमच विद्यापीठाकडे नाही, हा त्याचा एक मुद्दा होता. पुढे विद्यापीठाने त्यास उत्तीर्ण केले व याचिका निकालात निघाली. खरे काय खोटे काय हा भाग सोडून देऊ. बोध एवढाच की, नियम लिहिलेला नसेल तर शिक्षकही अंधारात आणि विद्यार्थीही अंधारात. एका महाविद्यालयात जे चालते ते दुसऱ्यात चालत नाही; एकाच महाविद्यालयात एका प्राध्यापकांना चालते ते दुसऱ्यांना चालत नाही. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.

या निमित्ताने मनात आणखी एक विचार येतो. नियम लोकांच्या भाषेत असावा ही काही आजची मागणी नव्हे. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, तो राजदरबारातील परके शब्द आपल्या भाषेत यावेत म्हणून. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश निघाला. त्यात कायदा व कारभार यांतील शब्दांना गुजराती, मराठी व इतर भाषांतील पर्याय एकत्र मांडले आहेत. आपल्या या सुरत नगरीतील कवी नर्मद याने एकट्याच्या बळावर गुजरातीचा कोश रचून १८७३ मध्ये पुरा केला. आजही या शहराच्या महानगरपालिकेच्या शाळांतून गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, ओडिया व तेलुगू अशा सात माध्यमांतून मुले शिकतात. ज्या शहरात बालवाचन सात भाषांत होते, तेथे मोठेपणीचा नियम मात्र एकाच भाषेत, तोही तळघरात, हे काही शोभत नाही.

म्हणून आमच्या काही निवृत्त शिक्षक मित्रांसह या उन्हाळ्यात आम्ही एक छोटासा उपक्रम आरंभिला आहे. रविवारी सकाळी दोन तास बसावयाचे. ज्याच्या घरातील मूल महाविद्यालयात जाणार आहे त्याने यावे. त्या संस्थेचे नियम एकत्र शोधावयाचे व वाचावयाचे. अनुभवाने काही गोष्टी ध्यानात आल्या, त्या येथे सांगतो.

नियम एका जागी नसतात. मुख्य पृष्ठ, माहितीपुस्तिका, ग्रंथालयाचे पान, परीक्षा विभाग आणि नॅकची कागदपत्रे, या पाच ठिकाणी पाहावे. आयोगाच्या २०२३ सालच्या तक्रार-निवारण नियमांनुसार प्रवेश सुरू होण्यापूर्वी किमान साठ दिवस माहितीपुस्तिका संकेतस्थळावर आली पाहिजे, आणि तिच्यात शिस्त व दंड यांचे नियमही असले पाहिजेत. त्याच नियमांनी प्रत्येक संस्थेत तक्रार-निवारण समिती आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल यांची तरतूद केली आहे. संस्था सरकारी किंवा अनुदानित असेल आणि नियम सापडतच नसतील, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जाचे उत्तर तीस दिवसांत मिळावयास हवे.

सापडल्यावर चार प्रश्न मनात धरून वाचावे. दुसऱ्याचे लेखन व कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयी काय म्हटले आहे? महाविद्यालयाने दिलेले ई-मेल खाते व वायफाय कशासाठी वापरता येते, व त्यावर कोणाची नजर असते? हजेरीसाठी घेतलेले बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे फोटो कोठे ठेवतात, किती दिवस ठेवतात? आणि चूक घडली तर कोणापुढे, किती दिवसांत म्हणणे मांडावयाचे? तिसऱ्या प्रश्नाला आता कायद्याचे बळ येत आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले, व तो टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचा आहे. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची संमती आवश्यक मानली आहे. मुलांना एक गोष्ट मात्र अवश्य सांगावी. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा महाविद्यालयाच्या नियमाचा भंग तर आहेच, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. गमतीत केले, ही सबब तेथे लंगडी पडते.

आणि शेवटचे, माझ्या स्वतःच्या घरचे. यंदा जूनपासून माझ्या शाळेत फळ्यावर निबंध लिहून देणे मी बंद केले आहे. पहिल्या आठवड्यात सहावीच्या मुलांनी ‘माझी आई’ या विषयावर जेमतेम चार-चार ओळी लिहिल्या. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. परंतु एकाची आई भाजीची हातगाडी लावीत होती, एकीची रात्रपाळीला जात होती, आणि एकाने लिहिले होते, माझी आई फार ओरडते पण तिचे पाय दुखतात. तुळस एकाच वहीत आढळली. ती खरी असावी.

परवा त्या मुलीच्या घरी पेढे खावयास गेलो होतो. आईने पत्र्याची पेटी उघडून दाखविली. हप्ते न भरल्यामुळे बंद पडलेली विम्याची पॉलिसी आत होती, आणि तिच्यावर ती तिरपी एकोणीस पाने, तांबड्या रेघांसह, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेली. धाकटा मुलगा यंदा बारावीत आहे. “त्याला लागेल ना, गुरुजी,” माउली म्हणाली, “म्हणून जपून ठेवली.”

मी म्हटले, “जपून ठेवा, पण त्याच्याकडून वाचून घ्या.”

“हिने मला सगळी वाचून दाखवली आहे,” ती म्हणाली. “कुठे ‘केलंच पाहिजे’ आहे, ते मला पाठ आहे.”